पायाखालचा प्रवास : प्रस्तावना

शाळेच्या भूगोलात पृथ्वीच्या गती फार लवकर भेटतात. परिवलनाने दिवस-रात्र होतात, परिभ्रमणाने ऋतू होतात, ही दोन वाक्ये पाठ होतात, परीक्षेत त्यांचे गुणही मिळतात आणि विषय तिथेच मिटतो. यात मुलांचा दोष नाही. आपण हलतो आहोत असे आपले शरीर कधीच सांगत नाही, आणि जे जाणवत नाही त्याचे कुतूहल मागून येत नाही. ते जागे व्हावे लागते. या पुस्तकाचा खटाटोप तेवढ्यासाठीच आहे.

पुण्यात अंगणात स्वस्थ उभा असलेला मुलगा पृथ्वीच्या परिवलनामुळे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. शिवाय सूर्याभोवतीच्या वाटेवर पृथ्वी त्याला सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर पुढे नेत असते. इतका वेग असूनही कपातला चहा हिंदकळत नाही, कारण हा वेग एकदम वाढत नाही की कमी होत नाही, आणि हवा, समुद्र, झाडे, घरे सगळेच आपल्याबरोबर चाललेले असते. इ. स. ४९९ मध्ये लिहिलेल्या ‘आर्यभटीया’त आर्यभटाने नावेतल्या माणसाचे उदाहरण दिले आहे. नाव पुढे जाते, पण नावेतल्याला काठ मागे सरकताना दिसतो. तारेही तसेच पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्याच्यानंतरच्या वराहमिहिराला हे पटले नाही. पृथ्वी फिरत असती तर घरटे सोडून उडालेले पक्षी परत घरट्यात कसे आले असते, असा त्याचा आक्षेप होता. वाचकांनी या प्रश्नाला हसू नये. तो चांगला प्रश्न आहे, आणि त्याचे नीट उत्तर द्यायला माणसाला हजारभर वर्षे लागली. १८५१ साली पॅरिसच्या पँथिऑनमध्ये फूको याने ६७ मीटर लांबीच्या तारेला टांगलेला लंबक झोके घेता घेता हळूहळू दिशा बदलताना दाखवला, तेव्हा कुठे पृथ्वीचे फिरणे चार भिंतींच्या आत डोळ्यांना दिसले.

तुम्हाला मात्र पॅरिसला जायची गरज नाही. एक मीटर उंचीची सरळ काठी सपाट जागी उभी रोवा आणि भर दुपारची, म्हणजे दिवसातली सर्वांत आखूड सावली महिन्यातून दोन-तीनदा मोजा. पुण्यात २१-२२ डिसेंबरच्या सुमारास ती सुमारे ९० सेंटीमीटर भरेल. मार्चच्या विषुवदिनी ती ३३-३४ सेंटीमीटरवर येईल. मे महिन्याच्या मध्याजवळ एक दुपार अशी येईल की काठीला सावलीच नसेल. त्यानंतर ती पुन्हा उगवते, पण उत्तरेकडे नव्हे, दक्षिणेकडे! शून्य सावलीचा हा दिवस कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर, तर नागपुरात महिनाअखेरीकडे येतो. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने हे भाग्य आपल्याला वर्षातून दोनदा लाभते. दिल्लीकरांना एकदाही नाही. आपला दुसरा दिवस बहुधा पावसाळी ढगांत हरवतो, ती गोष्ट वेगळी. घड्याळाच्या बाराच्या ठोक्याला मोजमाप करू नका. मुंबईत मे महिन्यात खरी मध्यान्ह १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास होते.

सावलीचे हे लांबणे-आखडणे पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंश कललेला असल्यामुळे होते आणि ऋतूही त्याच कलण्याचे फळ आहेत. सूर्य जवळ आला की उन्हाळा, ही समजूत मोठ्यांतही घट्ट बसलेली आढळते. वस्तुस्थिती अशी की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत. या गैरसमजाला आपली चित्रेही थोडी जबाबदार आहेत. फळ्यावर आपण अंड्यासारखी लांबट कक्षा काढतो. शिक्षकांना विनंती आहे की त्यांनी ती एकदा प्रमाणात काढून पाहावी. दहा सेंटीमीटर रुंदीची कक्षा काढली तर तिची उंची रुंदीपेक्षा केसाच्या जाडीएवढीही कमी भरणार नाही आणि सूर्य मध्यापासून एक मिलिमीटरही दूर नसेल.

रात्रीच्या आकाशासाठी मृग नक्षत्र धरावे, असे मी सुचवीन. तीन ठळक ताऱ्यांचा तो बाण लहान मूलही ओळखते. डिसेंबरात तो संध्याकाळी पूर्वेला उगवतो. पण पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकत असल्याने तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. एप्रिलात तोच मृग तिन्हीसांजेला पश्चिमेकडे कललेला दिसतो आणि जूनमध्ये दिसेनासाच होतो. शेतकरी ७-८ जूनला ‘मृग लागला’ म्हणतात ते नेमके तेव्हाच, कारण सूर्य त्या दिवशी मृग नक्षत्रात शिरतो आणि नक्षत्र त्याच्या उजेडात बुडते. पेरणीची वेळ ठरवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी पृथ्वीचे परिभ्रमण असे न दिसणाऱ्या ताऱ्यांवरून मोजले, याचा थोडा अभिमान वाटला तर तो अनाठायी नाही.

सूर्य स्वतःही आपल्या ग्रहांसह आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो आणि एका फेरीला वीस कोटींहून अधिक वर्षे घेतो. त्याबद्दल एका छोट्या प्रकरणात लिहिले आहे. अयनचलनाचे प्रकरण मात्र मुद्दाम शेवटी ठेवले आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत आकाशात एक वर्तुळ पुरे करतो आणि त्यामुळे संपातबिंदू नक्षत्रांतून मागे मागे सरकतात. वसंतसंपात एकेकाळी मृगात होता, या आधारावर लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ मांडला. त्यांचा निष्कर्ष सर्वांनी स्वीकारला नाही, तरी त्यामागची गती खरी आहे. तिच्यामुळेच उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते. हे अंतर साधारण ७२ वर्षांनी एका दिवसाने वाढते. पहिल्या वाचनात हे प्रकरण जड गेले तर खुशाल बाजूला ठेवावे. परतून आल्यावर पानिपताचे गणित अवश्य करून पाहावे. १४ जानेवारी १७६१ ही लढाईची तारीख आपण संक्रांतीशी जोडतो, पण हिशेब मागे नेला की त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती असे निघते.