तपकिरीच्या डबीपासून सुईच्या डबीपर्यंत

१/ स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातील मॉखलिन हे गाव एकेकाळी तपकिरीच्या लाकडी डब्यांसाठी प्रसिद्ध होते. लाकडातच घडवलेली छुपी बिजागरी हे त्यांचे वैशिष्ट्य.

२/ एकोणिसाव्या शतकात तपकिरीचा शौक ओसरला. तेव्हा स्मिथ बंधूंच्या कारखान्याने तेच कसब सुयांच्या डब्या व दोऱ्याच्या रिळांच्या पेट्यांकडे वळवले.

३/ सिकॅमोरच्या फिकट लाकडावर प्रेक्षणीय स्थळांची चित्रे उमटवून वर व्हर्निशचे थर देत. पर्यटक त्या आठवण म्हणून नेत.

४/ १९३३ च्या आगीने कारखाना संपला. १९३६ मध्ये लंडनचा क्रिस्टल पॅलेसही जळाला. संग्राहकांनी जपलेल्या डब्यांवर मात्र तो अजून उभा आहे.