भूकंपाची खोली आणि ‘कृत्रिम भूकंपा’चा प्रवाद (परभणी परिसर)

जमिनीखाली ज्या जागी खडक प्रथम फुटतो किंवा सरकतो ती भूकंपनाभी. भूपृष्ठापासून तिचे अंतर म्हणजे भूकंपाची खोली. सत्तर किलोमीटरपर्यंत खोलीचे भूकंप उथळ मानले जातात. मराठवाड्यातले भूकंप याच वर्गातले आहेत.

परभणी जिल्हा आणि १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा भूकंपाच्या संदर्भात एकत्रच पाहावे लागतात. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ परिमाणाचा धक्का बसला. पुढच्या दहा-अकरा मिनिटांत ३.६ चा दुसरा धक्का आला. १० जुलै रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ ची नोंद झाली. परभणी आणि नांदेडमध्येही लोक घराबाहेर पडले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांत तर त्याआधीची काही वर्षे जमिनीतून गूढ आवाज ऐकू येत होते. हे आवाज खरे असतात. नाभी उथळ असली की सर्वांत आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक लहरींचा काही भाग जमिनीतून हवेत शिरतो आणि कानाला तो गडगडाटासारखा जाणवतो. हादरा इतका सूक्ष्म असू शकतो की पायांना काही कळत नाही, आवाज मात्र येतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने या तिन्ही धक्क्यांची खोली १० किलोमीटर अशी दिली. जगभर पसरलेल्या एका प्रवादाचा आधार नेमका हाच आकडा आहे. निसर्गात इतका गोल आकडा पुन्हा पुन्हा कसा येईल, म्हणजे हे भूकंप कोणीतरी घडवत असले पाहिजे, असा तो तर्क. शंका स्वाभाविक आहे आणि तिला सरळ उत्तरही आहे.

भूकंपमापन केंद्र १५० किलोमीटर दूर असेल, तर नाभी ५ किलोमीटरवर असो की १५ वर, लहरींच्या वाटेत एक किलोमीटरचाही फरक पडत नाही. वेळेतला फरक सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा. तेवढ्यावरून खोली ठरवता येत नाही. तेच केंद्र दहा किलोमीटरवर असते, तर फरक एक सेकंदाहून जास्त झाला असता. जवळ यंत्र नसेल तेव्हा गणित सुटावे म्हणून खोली गृहीत धरतात. उथळ भूकंपांच्या अशा नोंदींतला १० चा आकडा बहुधा याच रीतीने आलेला असतो. अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेच्या जुन्या नोंदींत याच कारणाने ३३ किलोमीटर वारंवार दिसतात. अशा आकड्याला मोजमाप समजणे ही चूक आहे, आणि तो गृहीत आहे हे बातमीतून न सांगणे ही त्याहून मोठी चूक आहे.

दहा किलोमीटर खोल जाऊन स्फोट घडवणे मानवी आवाक्यात नाही. रशियातील कोला येथील सर्वांत खोल छिद्र १२,२६२ मीटरचे आहे, पण ते जेमतेम वीतभर रुंद आहे आणि त्याला जवळपास वीस वर्षे लागली. पोखरणचा १९७४ चा अणुस्फोट १०७ मीटर खोलीवर झाला होता. शिवाय स्फोट लपत नाही. तो भोवतालचा खडक सर्व दिशांना एकदम बाहेर ढकलतो, म्हणून प्रत्येक केंद्रावर पहिली हालचाल धक्का देणारीच उमटते आणि मागून येणाऱ्या दुय्यम लहरी दुबळ्या असतात. खडक सरकतो तेव्हा काही दिशांना ढकल, काही दिशांना ओढ अशी नक्षी मिळते. अलास्कातील ‘हार्प’ या रेडिओ-प्रक्षेपण केंद्राचेही नाव या प्रवादात घेतले जाते. त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थराकडे सोडलेल्या असतात. खडकात त्या किलोमीटरभरही शिरत नाहीत.

माणसामुळे भूकंप होतच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही, आणि महाराष्ट्राने तर ते मुळीच म्हणू नये. कोयना जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे ६.३ परिमाणाच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. जलाशयाने चालना दिलेल्या भूकंपांचे ते जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. त्यांच्या अभ्यासासाठी त्याच परिसरातील गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्रही घेण्यात आले. त्यामुळे जिंतूर तालुक्यातील येलदरी किंवा शेजारचे सिद्धेश्वर धरण यांच्याविषयी कोणी विचारले, तर त्याला अफवाखोर म्हणणे अन्यायाचे आहे. पाण्याची पातळी आणि धक्क्यांची संख्या वर्षानुवर्षे शेजारी मांडून त्याला उत्तर द्यावे लागते, आणि त्यासाठी यंत्रे गावांजवळच हवीत.

खोलीचा प्रश्न गावकऱ्यांच्या जिवाशीही जोडलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप सुमारे ६.२ परिमाणाचा होता, पण नाभी उथळ असल्यामुळे आणि दगडमातीच्या जाड भिंतींमुळे हजारो माणसे झोपेत गेली. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. तेथे नंतर घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटर काळ्या बेसाल्टखाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. बेसाल्टाने झाकलेल्या त्या जुन्या खडकातल्या भेगा वरून दिसत नाहीत. घरांमुळे होणारा हाच धोका ओळखून मार्च २०२४ मधील धक्क्यांनंतर नांदेडच्या प्रशासनाने, पत्रे उडू नयेत म्हणून छपरांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असे आवाहन केले होते.