संदर्भावरून अर्थनिश्चिती (अनेकार्थी इंग्रजी शब्दांची)

अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या अनेकार्थी इंग्रजी शब्दाचा विवक्षित अर्थ, कोश न उघडता, भोवतालच्या मजकुरावरून ठरवण्याची रीत.

तात्त्विक आधार : संस्कृत व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात (अभ्यंकर-लिमये आवृत्ती, पुणे विद्यापीठ, १९६५) अशा अर्थनिश्चितीची साधने गणली आहेत : संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, अर्थ (प्रयोजन), प्रकरण, लिंग (खूण), अन्य शब्दाची संनिधी, सामर्थ्य, औचिती, देश, काल, व्यक्ती (व्याकरणिक लिंग) आणि स्वर इत्यादी. ‘इत्यादी’त काय धरावे, यावर टीकाकारांचे एकमत नाही. ‘सैंधव आण’ म्हटल्यावर जेवणाच्या पानावर मीठ आणि प्रवासाला निघताना घोडा, हे प्रकरणाचे रूढ उदाहरण.

ही साधने इंग्रजीलाही बहुतांशी लागू पडतात. पुणेकर वाचकाला ‘ड्राफ्ट’ ठाऊक असतो तो बँकेचा किंवा मसुद्याचा. कादंबरीत तो दाराच्या फटीतून येतो, थंड असतो आणि पात्र शाल लपेटून घेते. तेथे संनिधी व औचिती यांवरून वाऱ्याची झुळूक हा अर्थ निघतो. युद्धवार्तेत तोच शब्द सक्तीची सैन्यभरती दाखवतो. स्वराचे साधन मात्र छापील मजकुरात निरुपयोगी : ‘प्रेझेंट’मध्ये आघात पहिल्या अवयवावर असल्यास नाम किंवा विशेषण, दुसऱ्यावर असल्यास क्रियापद, लिपीत हा भेद दिसत नाही.

कोशकार्य : मोल्सवर्थ यांनी आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पूर्ण केला (१८४७). डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत-इंग्रजी बृहत्कोशासाठी सुमारे १,५०० ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या काढण्यात आल्या. शब्द, त्याचा प्रयोग व स्थळनिर्देश असे चिठ्ठीचे स्वरूप. अर्थ प्रयोगांवरून लावायचा, हे या कार्याचे सूत्र. पहिला खंड १९७६चा.



मर्यादा : हू व नेशन यांच्या अभ्यासानुसार (२०००) मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असल्यास विनासाहाय्य आकलन साधते, इतर अभ्यासक ९५ टक्केही पुरेसे मानतात. बाटिया लाउफर यांच्या मते अनेकार्थी शब्दाबाबत वाचक माहीत असलेलाच अर्थ धरून ठेवतो, मग वाक्य जुळो वा न जुळो.