औषध लागू पडलं, म्हणून निदान बरोबर होतं का?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एका प्रेझेंटेशनमध्ये मी मोठ्या आत्मविश्वासाने एक वाक्य टाकलं होतं: 'हा घटक दिल्यावर लक्षणं कमी झाली, म्हणजेच लक्षणं या घटकाच्या कमतरतेमुळे होती.' माझ्या गाइडनी स्लाइड तिथेच थांबवायला सांगितली आणि विचारलं, "पॅरासिटामॉल घेतल्यावर ताप उतरतो. मग ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेमुळे येतो का?"

सगळे हसले. मीही हसले, पण ते वाक्य नेमकं कुठे चुकलं हे मला नीट कळलं ते पुढे ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांचा इतिहास वाचताना. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर तो तुम्हालाही उपयोगी पडेल. त्यात एकच प्रश्न तीनदा समोर येतो आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं निघतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत एक विचित्र आजार होता. कुरणात भरपूर गवत असायचं, तरी मेंढ्या आणि गुरं खंगत जायची, रक्त कमी व्हायचं, शेवटी मरायची. न्यूझीलंडमध्ये बर्नार्ड ॲस्टन यांनी याचं कारण लोहाची कमतरता असं मांडलं. जनावरांना लिमोनाइट नावाचं लोहाचं खनिज खाऊ घातलं की ती सुधारायची. रक्त कमी, लोह दिलं, जनावर बरं झालं. यात शंका घ्यायला जागा कुठे होती?

जागा होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात फिल्मर आणि अंडरवुड या दोघांना दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे, बरं होण्यासाठी लागणारी लिमोनाइटची मात्रा रक्ताच्या गरजेच्या मानाने फारच मोठी होती. दुसरी म्हणजे, आजारी जनावरांच्या यकृतात लोह कमी नव्हतं, उलट साठून राहिलेलं होतं. मग त्यांनी एक साधा पण धाडसी प्रयोग केला. लिमोनाइटमधून लोहच काढून टाकलं आणि उरलेला अर्क जनावरांना दिला. १९३४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की लोह नसलेला अर्कही गुण देतो! म्हणजे काम करणारा घटक लोह नव्हताच, लोहाच्या सोबतीने आलेली अशुद्धी होती. १९३५ मध्ये त्यांनी ती ओळखली: कोबाल्ट. त्याच वर्षी ॲडलेडमध्ये हेडली मार्स्टन आणि लाइन्स हेही स्वतंत्रपणे याच उत्तरापर्यंत पोचले. दिवसाला १ मिलिग्रॅमच्या आसपास कोबाल्ट मेंढीला पुरत होतं.

या वेळी 'कमतरता' हे निदान खरंच बरोबर होतं, पण ते सिद्ध व्हायला आणखी वेळ लागला. १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व वेगळं केलं गेलं आणि त्यात कोबाल्ट असल्याचं दिसलं. मेंढीच्या पोटातले सूक्ष्मजीव कोबाल्ट वापरून हे जीवनसत्त्व बनवतात. १९५१ मध्ये कोबाल्टची कमतरता असलेल्या कोकरांना बी-१२ दिल्यावर ती सुधारतात हे दाखवलं गेलं. साखळी पूर्ण झाली.

आता तिसरा प्रसंग, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा. भूमध्य समुद्राच्या भागातलं फॅलॅरिस नावाचं गवत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांचं आवडतं. बहुवार्षिक, खोल मुळांचं, कोरड्या उन्हाळ्यात तग धरणारं. पण त्यावर चरलेल्या काही मेंढ्या मान हलवायला लागायच्या, पाय ताठ व्हायचे, हाकलल्या की कोलमडून पडायच्या. थोडा वेळ शांत सोडल्या की उठायच्या. गवत विषारी असणं आपल्यालाही नवीन नाही, कोवळ्या ज्वारीच्या फुटव्याने जनावरं दगावतात हे गावाकडे सगळ्यांना माहीत असतं. पण इथे लक्षणं कधीकधी चरल्यानंतर कित्येक आठवड्यांनी दिसायची. १९४२ मध्ये या आजाराचं शास्त्रीय वर्णन झालं. पुढे मार्स्टन यांच्याच संस्थेतल्या ली आणि कुचेल यांनी १९५३ मध्ये सांगितलं की मेंढ्यांना नियमित कोबाल्ट दिलं तर हा आजार टाळता येतो.

इथे थांबा. तुम्ही त्या प्रयोगशाळेत असता तर काय लिहिलं असतं? कोबाल्ट दिलं, आजार टळला. हातात आधीच एक यशस्वी 'कोबाल्टची कमतरता' होती. मी तर डोळे झाकून तेच लिहिलं असतं.

पण पुरावे जुळत नव्हते. कोबाल्टच्या कमतरतेची कुठलीही लक्षणं नसलेल्या मेंढ्याही फॅलॅरिसवर लडखडायच्या. बी-१२ चं इंजेक्शन कमतरतेवर चालायचं, इथे चालत नव्हतं. कोबाल्ट तोंडावाटे पोटातच जायला हवं होतं. एकदा मज्जासंस्थेला इजा झाली की कोबाल्ट देऊनही ती भरून यायची नाही. आणि फॅलॅरिस खाऊन अचानक मृत्यू येण्याचा जो दुसरा प्रकार आहे, तो कोबाल्टने टळतच नाही. म्हणजे लडखडण्याचं कारण गवतातलं विष होतं, आणि कोबाल्ट त्या विषाच्या वाटेत कुठेतरी आडवं येत होतं. १९६४ मध्ये गवतातली ट्रिप्टामीन गटातली अल्कलॉइड्स या विषबाधेशी जोडली गेली. पोटातले सूक्ष्मजीव कोबाल्टच्या मदतीने विष निष्प्रभ करत असावेत असं मानलं जातं, पण नेमकी रासायनिक पायरी आजही पक्की झालेली नाही.

म्हणून शेतकऱ्याचं अडलं का? नाही. रोज शेकडो मेंढ्यांना हाताने औषध पाजणं शक्य नव्हतं, म्हणून १९५८ मध्ये ड्यूई, ली आणि मार्स्टन यांनी कोबाल्ट ऑक्साइडची जड गोळी सुचवली. ती मेंढीच्या पोटात तळाशी बसून राहते आणि हळूहळू झिजत कोबाल्ट सोडते. पुढे गोळीवर कॅल्शियमचा थर चढून ती बंद पडायला लागली, तेव्हा सोबत एक लोखंडी स्क्रू गिळवायला सुरुवात झाली, म्हणजे दोन्ही एकमेकांवर घासून थर निघेल! यंत्रणा न कळताही उपाय वापरता येतो. फक्त उपाय सापडला म्हणून कारण सापडलं असं लिहिता येत नाही.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'दिलं आणि गुण आला' असं वाक्य असेल तर तीन प्रश्न विचारून बघा. जे दिलं त्यातून तो घटक काढून टाकला तरी गुण येतो का? तोच घटक दुसऱ्या मार्गाने दिला तर? आणि ज्यांच्यात त्याची कमतरता नाही, त्यांनाही आजार होतो का?

माझं ते वाक्य आता प्रबंधात असं आहे: 'हा घटक दिल्यावर लक्षणं कमी झाली.' पुढचं 'म्हणजेच' मी खोडलंय. ते परत लिहिण्यासाठी अजून दोन प्रयोग बाकी आहेत.