न चालणारे चलन

‘चलन’ या शब्दाच्या मुळाशी ‘चल्’ हा धातू आहे. जे हातोहात फिरते ते चलन, असा त्याचा रूढ अर्थ होय. परंतु अनेकांनी एकत्र खेळावयाच्या आंतरजालीय खेळांत असे एक चलन निर्माण झाले की, ते एका हातातून दुसऱ्या हातात कधी गेलेच नाही. त्याचा इतिहास येथे संक्षेपाने पाहावयाचा आहे.

‘एव्हरक्वेस्ट’ हा खेळ मार्च १९९९ मध्ये सुरू झाला. त्यातील बलाढ्य ड्रॅगन मारावयाचा तर मोठी तुकडी जमवावी लागे. वधानंतर हाती येणाऱ्या मौल्यवान वस्तू मात्र मोजक्याच. त्या कोणी घ्यावयाच्या? फासे टाकावेत, तर दीर्घकाळ राबलेला रिकाम्या हाती परते; नायकाने ठरवावे, तर पक्षपाताचा संशय येई. या पेचातून ‘आफ्टरलाइफ’ नामक संघात त्याच वर्षी ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ ही पद्धती निघाली. मोहिमेस हजर राहील त्याच्या नावे गुण जमा व्हावयाचे आणि वस्तू घेईल त्याच्या खात्यातून तिची किंमत वजा व्हावयाची. किंमत कोठे ठरीव असे, कोठे लिलावाने ठरे. हे गुण विकता येत नसत. संघ सोडला की ते व्यर्थ होत. वस्तुतः ती श्रमांची वहीच होती आणि तिला तारण एकच : हिशेब ठेवणाऱ्यावरील विश्वास.

२००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील ४० जणांच्या मोहिमांत ही पद्धती फार फैलावली. इतर राक्षसांच्या वधाचे गुणही ‘ड्रॅगन’चेच म्हटले जाऊ लागले, अर्थविस्ताराचे हे सुबोध उदाहरण होय. दोषही उघड झाले. जुन्या सभासदांपाशी गुण साचत गेले आणि नवागतास काही मिळेना. त्यावर दोन उपाय निघाले. कोठे वस्तूची किंमत उपस्थितांत वाटून देऊन संघाची एकूण बेरीज शून्य राखीत. कोठे ठराविक काळाने शिलकीतून काही टक्के कापीत.

पुढे ‘जीडीकेपी’ हा प्रकार रूढ झाला. त्यातील ‘जी’ म्हणजे गोल्ड. येथे बोली खेळातील सोन्याची आणि जमलेले सोने सहभागींत वाटावयाचे. नाव बहुतांशी तेच राहिले, आशय पालटला. सोने फिरते, म्हणून ते नियमबाह्य मार्गाने खऱ्या पैशांनी विकतही घेता येते. साहजिकच, न केलेल्या श्रमांचे फळ मिळविणे शक्य झाले. ब्लिझर्ड कंपनीने २०२४ मध्ये ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ या आवृत्तीत या प्रकारास बंदी घातली.

गुणांनी जुन्या सभासदांचे वर्चस्व वाढविले, सोन्याने धनिकांचे. निर्दोष मार्ग कोणताच नव्हे. तथापि गुणांच्या वहीत कोण किती राबला याची नोंद तरी टिकून असे. सोने हातोहात फिरू लागताच ती पुसली जाते. म्हणून चलनाच्या अभ्यासकाने ते किती फिरते एवढेच न पाहता, फिरताना कशाची स्मृती गमावते, हेही पाहिले पाहिजे.