प्रस्तावना : बाटलीवरचे गाव

मराठी घरात ऑलिव्ह तेल आले ते बाळाच्या मालिशसाठी, औषधांच्या दुकानातल्या छोट्या डब्यातून. फोडणीपर्यंत ते क्वचितच पोचले. तेव्हा त्याच्या अर्थकारणावर मराठीत पुस्तक कशाला, असे वाचकाला वाटले तर नवल नाही. जगातल्या खाद्यतेलांत त्याचा वाटाही जेमतेम दीड-दोन टक्क्यांचा. पण हवामान, जकात आणि नावाची किंमत या तिन्हींचा हिशेब एकाच जिनसात पाहायचा असेल, तर याहून सोयीचा जिन्नस मला ठाऊक नाही.

सुरुवात स्पेनमधल्या हाएन प्रांतापासून करावी. तिथे ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत. आपल्या हापूसची खोड या झाडालाही आहे : एक वर्ष भरघोस, पुढचे वर्ष हात राखून. एरवी व्यापारी ही तूट मागच्या साठ्यावर भागवतात. २०२२ आणि २०२३ मध्ये मात्र लागोपाठ दुष्काळ पडला, ऐन फुलोऱ्यात उष्मा आला. २०२२-२३ च्या हंगामात स्पेनचे उत्पादन नेहमीच्या निम्म्यावर, पावणेसात लाख टनांच्या आत आले. साठे आटले. २०२० मध्ये किलोला दोन युरोंच्या आसपास असलेला एक्स्ट्रा व्हर्जिन या सर्वांत वरच्या प्रतीच्या तेलाचा घाऊक भाव जानेवारी २०२४ मध्ये नऊ युरोंवर गेला. तुर्कस्तानने सुट्या तेलाची निर्यात रोखली. पुढे मोठे पीक आले आणि भाव उतरले.

‘सुटे तेल’ हा शब्द ध्यानात ठेवावा. ट्युनिशियाचे बहुतेक तेल टाक्यांतून स्पेन-इटलीला जाते, तिथे मिसळले जाते आणि तिथल्या नावाने विकले जाते. २०१९ मध्ये अमेरिकेने विमाने बनवणाऱ्या कंपन्यांच्या अनुदानाच्या भांडणात स्पॅनिश तेलावर २५ टक्के जकात लावली, तीही बाटलीबंद तेलावर. सुटे तेल वगळले. नफा कुठे मुरतो हे जकात लावणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

इकडे पोर्तुगालच्या आलेंतेजूत धरणाच्या पाण्यावर कुंपणासारख्या दाट बागा उभ्या राहिल्या. ओळीवरून यंत्र फिरते नि फळे गोळा होतात. हाएनच्या चढावर ते यंत्र जात नाही. तिथला मजुरीचा खर्च जास्त, भाव मात्र दोघांना बाजाराचाच. मग चढावरची बाग टिकायची कशी? या पुस्तकातला सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

घरात बाटली असेल तर आधी तिचे लेबल वाचा. ‘पोमेस’ असे लिहिले असेल, तर ते तेल थेट फळ पिळून नव्हे, तर बहुतांशी पेंडीतून द्रावकाने काढलेले आहे.