यकृतातलं ऑक्सिडीकरण

कधीकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेलं होसकोटे आज बेंगळुरू–कोलार रस्त्यावर लागतं. मे २००८मध्ये बेंगळुरू, कोलार, कृष्णगिरी या पट्ट्यात विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. जून २०१५मध्ये मुंबईच्या मालवणीत तेच घडलं. दोन्हीकडे कारण एकच, मिथेनॉल.

शाळेत आपण शिकलो, की ऑक्सिडीकरणाने इथेनॉलचं व्हिनेगरमधलं आम्ल होतं. यकृतातही विकरं तेच करतात. मिथेनॉलचं मात्र फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल होतं. ते दृष्टी घेतं, मग जीव.

उतारा म्हणून डॉक्टर इथेनॉलही देतात. विकर त्यात गुंतलं, की मिथेनॉलचं आम्ल होणं थांबतं. पण तयार झालेलं आम्ल त्याने हटत नाही. म्हणून दारूनंतर अंधुक दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.